पिकूचा व्हिसा

२०२३च्या मे महिन्यात मुंबईत चेंबूरच्या बंदराजवळ एक कबूतर पकडलं गेलं. त्याच्या पायांत दोन कड्या होत्या आणि पंखांच्या आतल्या बाजूला चिनी लिपीसारखं काहीतरी लिहिलेलं होतं. पोलिसांना हेरगिरीचा संशय आला. गुन्हा नोंदवला गेला आणि कबुतराची रवानगी परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयात झाली. तिथे ते जवळजवळ आठ महिने पिंजऱ्यात होतं. शेवटी उलगडा झाला, की ते तैवानमधल्या शर्यतीचं कबूतर आहे. २०२४च्या जानेवारीअखेर त्याला सोडून दिलं.

असाच एक किस्सा ऑस्ट्रेलियाचा. २०२०च्या डिसेंबरात मेलबर्नमधल्या एका माणसाच्या अंगणात एक थकलेलं कबूतर उतरलं. पायातल्या कडीवरून वाटलं, की ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं आहे, म्हणजे तेरा हजार किलोमीटरवरून आलेलं. लोकांनी कौतुकानं त्याचं नाव जो ठेवलं, बायडन यांच्यावरून. ऑस्ट्रेलिया सरकारनं मात्र जाहीर केलं, की बाहेरून आलेला पक्षी रोग आणू शकतो, त्यामुळे याला मारावं लागेल. जगभर आरडाओरडा झाला. मग तपासात निघालं, की पायातली कडी नकली आहे आणि पक्षी बहुधा तिथलाच आहे. जो वाचला. 'स्थानिक रहिवासी' ठरला म्हणून वाचला.

या दोन्ही गोष्टी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरल्या होत्या आणि लोक पोट धरून हसले होते. २०२४च्या पोळ्यानंतर एका पक्ष्याची फाइल माझ्याच टेबलावर आली, तेव्हा मला त्या आठवल्या.

बीबी हे लोणार तालुक्यातलं, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. इथे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, ई-केवायसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पोलीस भरतीचा अर्ज. सर्व्हर डाउन असला की लोक माझ्यावर चिडतात आणि काम झालं की चहा पाजतात. त्यामुळे घरात कुठलाही कागद निघाला, की तो माझ्याकडे येतो. भाऊजींची कंपनी त्यांना पुण्याहून मेलबर्नला पाठवणार हे ठरलं, तेव्हा ताईनं फोनवर सांगितलं, "आमचे व्हिसे कंपनी बघतेय. तू फक्त पिकूचं बघ."

पिकू म्हणजे माझ्या चौथीतल्या भाचीची बजरीगर. निळी, मुठीएवढी, नाकावरचा भाग तपकिरी, म्हणजे मादी. भाची अभ्यासाला बसली की ही वहीच्या कडेवर बसून कागद कुरतडते. घरातल्या भांडणात सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात भाग घेते. भाचीनं आईबापांना एकच अट घातली होती : पिकू येणार असेल तर मी येणार.

भाऊजी निवांत होते. त्यांनी गुगलवर बघितलं होतं, की बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचाच पक्षी. "अरे, ती तर माहेरीच चालली आहे," ते म्हणाले.

* * *

पक्षी घेऊन कायदेशीर मार्गानं दुसऱ्या देशात जायचं तर काय लागतं, हे शोधायला बसलो तेव्हा पहिले दोन दिवस नुसता गोंधळ झाला. कुत्र्यामांजरांबद्दल ढीगभर माहिती मिळते, पक्ष्यांबद्दल थोडी आणि विखुरलेली. पण चार देशांचे नियम शेजारीशेजारी ठेवून वाचले, की एक गोष्ट लक्षात येते. भाषा वेगळी, फॉर्म वेगळे, पण सगळे देश पक्ष्याला तीनच प्रश्न विचारतात. तू कोण? तू आलास कुठून? आणि तुझ्यासोबत आणखी काय आलंय?

पहिला प्रश्न सोपा वाटतो. तिथेच लोक अडकतात. पिकू घेतली त्या दुकानाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'लव्हबर्ड, निळा, १ नग'. आपल्याकडे बजरीगरला सगळे लव्हबर्डच म्हणतात. आमच्या आठवडी बाजारातही म्हणतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगर ऑस्ट्रेलियातला. आता कुणी हसेल, नावात काय आहे? सीमेवर नावातच सगळं आहे.

कारण सायटीस. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा हा करार १९७३मध्ये वॉशिंग्टनला झाला, १९७५पासून लागू झाला आणि भारत त्यात १९७६मध्ये आला. त्याच्या तीन याद्या आहेत. पहिल्या यादीत नामशेष व्हायच्या वाटेवरचे जीव. त्यांचा व्यापार जवळपास बंद. माणसासारखं स्पष्ट बोलणारा आफ्रिकन ग्रे पोपट २०१७च्या जानेवारीपासून या यादीत आहे, कारण पिंजऱ्यांसाठी त्याचे थवेच्या थवे जंगलातून उचलले गेले. दुसऱ्या यादीतल्या जिवांना परवाना घेऊन सीमा ओलांडता येते. घरात पाळलेला एकच पक्षी असला, तरी तुमच्या देशाचा निर्यात परवाना आणि अनेकदा समोरच्या देशाचा आयात परवाना हातात लागतो. पोपटांचं जवळजवळ सगळं खानदान या दोन याद्यांत आहे. सुटलेत ते चौघं : बजरीगर, कॉकटिएल, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट.

म्हणजे फॉर्ममध्ये बजरीगरऐवजी नुसतं 'लव्हबर्ड' लिहिलं असतं, तर पिकू एका झटक्यात दुसऱ्या खंडाची आणि बहुधा दुसऱ्या यादीची झाली असती. म्हणून शास्त्रीय नाव लिहायचं : मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस. मी ते भाचीला पाठ करायला सांगितलं. तिनं माझ्याआधी पाठ केलं.

पहिल्या प्रश्नात पिकू पास.

दुसरा प्रश्न, आलीस कुठून. इथे पक्षी पिंजऱ्यातच जन्मला की जंगलातून पकडला, हे सिद्ध करावं लागतं. कुणाकडून घेतला त्याची पावती, पायातल्या बंद कडीवरचा नंबर, डॉक्टरांकडची नोंद. बंद कडी म्हणजे पिल्लू काही दिवसांचं असताना पायात घातलेली, नंतर काढता-घालता न येणारी कडी. मोठ्या झालेल्या पक्ष्याच्या पायात ती सरकत नाही, म्हणून तो पिंजऱ्यात जन्मल्याचा तो एक चांगला पुरावा. सन कॉन्यूर, मकाव, आफ्रिकन ग्रे यांच्यासाठी भारतातही आता नोंदणी लागते. वन्यजीव कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली, त्यात सायटीसच्या प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आली आणि २०२४च्या फेब्रुवारीत नियम निघाले, की ज्यांच्याकडे असे प्राणीपक्षी आहेत त्यांनी सहा महिन्यांच्या आत केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी. इन्स्टाग्रामवर खांद्यावर रंगीत पोपट बसवून रील करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. पुढेमागे परदेशी जायची वेळ आली, तर त्यांची फाइल तिथूनच सुरू होणार आहे.

बजरीगर त्या यादीत नाही, त्यामुळे आमच्या चिठ्ठीवर फारसा भार नव्हता. पुढचं काम दिसत होतं : पशुवैद्यकाची तपासणी, मग केंद्राच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयाचं आरोग्य प्रमाणपत्र. ही कार्यालयं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळुरूला आहेत. आमच्यासाठी मुंबई. मग विमान कंपनी. पक्षी केबिनमध्ये घेऊ देणाऱ्या कंपन्या अगदी थोड्या. बाकी ठिकाणी तो सामानाच्या कप्प्यात किंवा कार्गोनं जातो आणि पिंजरा आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे हवा : हवा खेळती, बसायला दांडी, चोच किंवा पाय अडकणार नाही अशी जाळी. मी कागदावर यादी केली, प्रत्येकापुढे चौकोन काढला. मला असे चौकोन आवडतात.

मग ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याचा नियम उघडला. त्यात भरायला एकही चौकोन नव्हता. पाळीव पक्षी फक्त न्यूझीलंडमधून आणता येतात. इतर कुठल्याही देशातून नाही. फी भरून नाही, क्वारंटाइनमध्ये ठेवून नाही, विनंती करून नाही.

* * *

माझ्या दुकानात रोज कुणीतरी म्हणतं, "काहीतरी मार्ग असंल नं?" बहुतेक वेळा असतो. इथे नव्हता. ताईला फोन करण्याआधी मला कारण समजून घ्यायचं होतं, कारण पुढचा फोन भाचीचा येणार होता आणि तिला 'नियम आहे' एवढ्यावर गप्प बसवणं कुणाला जमलेलं नाही.

कारण आमच्या परसातच सापडलं. आमच्याकडे गावठी कोंबड्या आहेत. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की त्याच्या डोळ्यात लासोटाचा थेंब टाकतात, मानमोडी होऊ नये म्हणून. मानमोडी आली की कोंबडी मान पिळल्यासारखी वाकडी करते, गोल फिरते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. डॉक्टर याला राणीखेत म्हणतात, कारण भारतात हा रोग १९२०च्या दशकात कुमाऊंतल्या राणीखेतला ओळखला गेला. त्याच सुमारास तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला सापडला, म्हणून जग त्याला न्यूकॅसल म्हणतं. हाच रोग १९७१मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शिरला आणि तो आवरेपर्यंत जवळजवळ एक कोटी वीस लाख पक्षी मारावे लागले. तो शिरला होता बाहेरून आणलेल्या पाळीव पोपटांसोबत. पोपट असा, की स्वतः ठणठणीत दिसत असतानाही महिनोन्‌महिने विषाणू बाहेर टाकू शकतो.

बर्ड फ्लूचंही तेच. भारतात तो पहिल्यांदा सापडला २००६च्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. पाठोपाठ आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातही. पांढरे सूट घातलेली माणसं आणि कोंबड्यांसाठी खोदलेले खड्डे ज्यांनी टीव्हीवर पाहिलेत, त्यांना ते विसरता येणार नाहीत. लाखो पक्षी संपले, अंड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, पोल्ट्रीवाले कर्जात गेले. यात कुणाच्याच कोंबड्यांनी काही केलं नव्हतं.

म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यात कडक. तुझ्यासोबत काय आलंय? त्याचं उत्तर पक्ष्याला देता येत नाही, मालकाला देता येत नाही, प्रयोगशाळेलाही एका तपासणीत ठामपणे देता येत नाही. बाकीचे देश या प्रश्नावर वेळेचा उतारा शोधतात. अमेरिकेत परदेशी पाळीव पक्ष्याला सरकारी केंद्रात तीस दिवस एकांतात राहावं लागतं, खर्च मालकाचा, जागा आधी आरक्षित करायची. शिवाय आयात परवाना आणि सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र. पक्षी सायटीसच्या यादीतला असेल, तर मालक निदान वर्षभर देशाबाहेर राहत असायला हवा आणि वर्षाला दोनच पक्षी. युरोपीय संघ पाळीव म्हणून पाचपर्यंत पक्षी येऊ देतो, पण निघण्याआधी एकांतवास, चाचणी किंवा लसीकरण यांपैकी त्यांनी सांगितलेला मार्ग पाळावा लागतो. त्यातही तुमच्या देशात बर्ड फ्लूची साथ आली, की ठरलेलं सगळं एका रात्रीत रद्द होऊ शकतं. म्हणून जाणते लोक सांगतात, तिकीट काढायच्या आधी सहा महिने पक्ष्याची फाइल काढा.

सगळ्यात थाट संयुक्त अरब अमिरातीच्या ससाण्यांचा. तिथे २००२पासून ससाण्यांना खराखुरा पासपोर्ट मिळतो. त्यात कडीचा नंबर असतो, पक्ष्याचं मूळ असतं आणि मुदत तीन वर्षांची. शिकारीच्या मोसमात मालकाच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या ससाण्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. भाचीनं ते पाहिले आणि मला विचारलं, "मामा, पिकूचा असा पासपोर्ट काढता येईल का?" मी म्हटलं, पासपोर्ट निघाला तरी व्हिसा मिळणार नाही.

"पण ती तिथलीच आहे ना?"

आहेही आणि नाहीही. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञानं १८४०मध्ये ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. पुढे जहाजं भरभरून गेले. १९६०च्या आसपास ऑस्ट्रेलियानं आपल्या देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. पण तोवर पिंजऱ्यांतच त्यांचे वंश वाढले होते. जंगली बजरीगर हिरवा-पिवळा असतो. पिकूचा निळा रंग पिंजऱ्यात निवडून निवडून जोपासलेला. तिचे पूर्वज किती पिढ्यांपूर्वी निघाले, कुठल्या बंदरांवरून पुण्यापर्यंत पोचले, हे कुणीही सांगू शकत नाही. तिकडे परत जाण्यासाठी जो पुरावा लागेल, तो कधी कुणी ठेवलाच नाही.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तिला माहेर नाहीच." आणि फोन ठेवला.

* * *

या सगळ्या गडबडीत आजीचं लक्ष होतं. आजी मळ्यातल्या घरी राहते. तिच्याकडे अकरा वर्षांपासून एक राघू होता. वादळात कडुलिंबाची फांदी मोडली, ढोलीतलं पिल्लू खाली पडलं, आजीनं उचललं आणि भिजवलेल्या डाळीवर वाढवलं. तो तिला नावानं हाक मारायचा. तिच्या ताटातली मिरची पळवायचा. मी फोनवर ताईला सायटीसच्या याद्या समजावत होतो, ते ऐकून आजीनं विचारलं, "काहून रे, मंग आपल्या राघूचा कागद कोणता?"

कोणताच नाही, आणि निघूही शकत नाही. गंमत बघा. त्या चार सुटलेल्या पोपटांत आपला हिरवा पोपट आहे. जगाच्या यादीत त्याला अडवणारं काही नाही. पण भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो संरक्षित पक्षी आहे, २०२२च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. तो विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं हा गुन्हा आहे, त्यासाठी कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. सापडलेला असला तरी. कायद्यानं वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता. म्हणजे हजारो मैलांवरची बजरीगर पुण्यात राजरोस पाळता येते आणि कडुलिंबावरून पडलेला राघू घरात ठेवता येत नाही. पिकूची अडवणूक विमानतळावर होती, राघूची आजीच्या उंबऱ्यावर.

हे उलटंपालटं वाटतं, पण त्यामागेही तोच दुसरा प्रश्न आहे. आलास कुठून? आपल्याकडे बाजारात विकला जाणारा प्रत्येक हिरवा पोपट कुठल्यातरी ढोलीतून काढलेला असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला पारधे ढोल्या शोधतात, पंख न फुटलेली पिल्लं टोपलीत भरतात. त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. जी वाचतात ती मिठू-मिठू शिकतात. म्हणून १९९०-९१पासून देशी पक्ष्यांचा व्यापारच बंद केला गेला.

आजीला मी हे जमेल तसं सांगितलं. ती चिडली. "त्याले मी जीव लावला. तवा तुहं सरकार कुठं होतं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी विषय सोडला. सोयाबीनची काढणी सुरू झाली, दिवस त्यात गेले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिनंच विषय काढला. "किती जगते रे हा?"

मी सांगितलं, वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो.

तिनं बोटांवर हिशेब केला. तिचं वय ब्याऐंशी. "मंग मी गेल्यावर याले कोण पाहीन? तुम्ही तं घरात राहत नाही. अन् हा दुसऱ्याच्या हातचं खात नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "लाव तुह्या त्या सरकारले फोन. पण तुहं नाव सांग, माहं नको."

वनविभागाची हेल्पलाइन १९२६. माणसं आली, पंचनामा झाला, कुणी दरडावलं नाही. त्यांच्यातल्या एका तरुण मुलानं आजीला विचारलं, तो काय खातो, कोणत्या हाकेला उत्तर देतो, आणि ते वहीत लिहून घेतलं. आजी पिंजऱ्याजवळ गेली नाही. ओसरीत बसून राहिली. राघू गाडीत बसेपर्यंत तिला हाका मारत होता. नंतर कळलं, की त्याला दुसऱ्या पोपटांसोबत मोठ्या पिंजऱ्यात ठेवलंय, पंखांत बळ येतं का बघताहेत. उडायला लागला तर सोडतील, नाहीतर तिथेच राहील. आजी अजून मिरच्या तोडताना एक जास्तीची तोडते. मग ती कोंबड्यांना टाकते, कोंबड्या खात नाहीत.

कायद्याची बाजू बरोबर होती, हे मी मानतो. आजीचा राघू विकत घेतलेला नव्हता, पण 'सापडलेला आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकाला सोडलं, तर उद्या बाजारातले सगळेच पोपट सापडलेले निघतील. तरीही त्या ओसरीवर कायदा मोठ्यानं वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नसती.

* * *

पिकूचं काय करायचं, हे भाचीनं ठरवलं. तिच्या वर्गातली एक मैत्रीण तयार होती, इमारतीतले एक काका तयार होते. तिनं बीबी निवडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "मामाकडे तिची फाइल आहे."

डिसेंबरात पुण्याहून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना असं करत पिकू आली. चारशेच्या आसपास किलोमीटर, एकही कागद न दाखवता. पिंजऱ्यावर भाचीची जुनी ओढणी होती आणि सोबत सूचनांचं पान : राळं रोज दोन चमचे, पाणी दोनदा, पंखा सुरू असताना बाहेर सोडायचं नाही, एकटं ठेवायचं नाही. शेवटची सूचना दोनदा अधोरेखित केलेली. बजरीगर थव्यानं राहणारा पक्षी, एकटी कोमेजते. म्हणून मी तिला जोडीदार आणला. यावेळी पावतीवर 'बजरीगर' लिहून घेतलं, पैदास करणाऱ्याचा पत्ता घेतला, पायातल्या कडीचा नंबर टिपला. दुकानदार म्हणाला, "दादा, एवढं कशाला? पाखरूच तर आहे."

आता दोघं माझ्या दुकानात असतात, प्रिंटरपासून लांब, खिडकीशी. पीकविम्याच्या रांगेतली माणसं त्यांच्याशी बोलतात. कुणी परदेशी जाणारा भेटलाच आणि त्याच्याकडे पक्षी असला, तर मी त्याला सांगतो, की पिंजऱ्याच्या आधी वही विकत घे. पक्षी कुठल्या जातीचा, कुणाकडून, कधी, कडी कोणती, हे पहिल्याच दिवशी लिही. सहा वर्षांनी ते कुणालाच आठवत नाही. आणि देश कोणता ते आधी बघ. काही देशांत जमतं, काहींत जमतच नाही. जिथे जमत नाही तिथे शर्टाच्या आत लपवून न्यायचा विचारही करू नको. पकडला गेला तर दंड तुला होईल, जीव पाखराचा जाईल.

मेलबर्नला जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा भाचीचा व्हिडिओ कॉल आला. शाळा नुकतीच सुरू झाली होती. ती एका मैदानाच्या कडेला उभी होती. झाडावर इंद्रधनुष्यासारखे पोपट ओरडत होते, ते तिनं आधी दाखवले. मग फोन खाली, गवताकडे वळवला. तपकिरी अंग, पिवळी चोच, पिवळे पाय, तुरुतुरु चालणारी जोडी.

"मामा, साळुंक्या! आपल्या साळुंक्या इथे कशा?"

हे मला ठाऊक होतं, कारण पिकूच्या फाइलसाठी वाचताना ते पुढ्यात आलं होतं. १८६२मध्ये मेलबर्नच्या लोकांनी भाजीच्या मळ्यांतले किडे खायला भारतीय साळुंक्या मागवल्या. तेव्हा कुणी त्यांना तीन प्रश्न विचारले नाहीत. त्या वाढल्या, पसरल्या, आणि तिथल्या देशी पक्ष्यांच्या ढोल्या बळकावू लागल्या. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची एक यादी आहे. तिच्यात पक्षी तीनच. त्यांतले दोन आपल्याकडचे : साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. आपला हिरवा पोपटही पिंजऱ्यांतून सुटून लंडनच्या बागांत थव्यानं राहतो आहे.

भाचीला म्हटलं, "त्यांना १८६२मध्ये आणलं, बोलावून. आता तिथल्या लोकांना त्या नकोशा झाल्यात."

"माझ्या वर्गातली मुलगी पण म्हणाली, की या घाणेरड्या आहेत." ती जरा थांबली. "मी तिला सांगितलं नाही, की त्या आमच्याकडच्या आहेत."

मी काही बोलणार, तोवर इकडे पिकूनं तिचा आवाज ओळखला आणि पिंजऱ्यात धिंगाणा सुरू केला. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, पाखराला आधी बोलू दे, माझा सातबारा काही पळून जात नाही. मी फोन पिंजऱ्यासमोर धरला.